परग्रहावर एकदाच विचारतात

परग्रहावर मी मेले आणि घरात कुणाला त्याचं काहीही वाटलं नाही. नवरा शेंगदाणे खात होता, तो खातच राहिला. नणंदेने विचारलं, चहाचं आधण ठेवायचं का. आणि जिच्या कारभारात मी मेले त्या माझ्या पोटच्या मुलीने माझ्या कागदावर एक आडवी रेघ मारली, कागद पालथा घातला आणि "हं, पुढे" म्हणाली.

बरं, मरण तरी धड यावं. यान कोसळून गेले असते तर चार लोकांत सांगता आलं असतं. एखाद्या अक्राळविक्राळ प्राण्याने गिळलं असतं तरी माझी हरकत नव्हती. मी मेले ती "नको, असू दे" म्हणाल्यामुळे. ज्या तीन शब्दांवर माझ्या माहेरच्या तीन पिढ्या सुखाने जगल्या, त्यांनी माझा जीव घेतला. याला आता बरेच महिने झाले, पण राग उतरलेला नाही. शाळेतल्या सगळ्यांना सांगून झालं आहे. हल्ली मी शिक्षकखोलीत शिरले की सगळ्याजणी एकदम वह्या तपासायला घेतात. म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही वारज्याला राहतो. मी भूगोल शिकवते, म्हणजे पृथ्वीबद्दल मला थोडंफार कळतं असा माझा समज आहे. इतर ग्रहांचा भाग अभ्यासक्रमात धड्यापुरता येतो आणि तो मी दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून टाकते. मुलगी खराडीला एका कंपनीत आहे. वारजे ते खराडी म्हणजे गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढ्या वेळात माणूस दुसऱ्या ग्रहावर जाऊन येईल, असं मी गमतीने म्हणायचे. ती खरंच जात होती हे मला नंतर कळलं. बसमध्ये बसून चार महिने ती वहीत एक ग्रह लिहीत होती.

झालं होतं असं, की खराडीतच एका हॉलमध्ये दर रविवारी काही तरुण मंडळी जमून खेळ खेळतात. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणंही फारसं नाही. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "आता मी दार उघडते," असं आपण म्हणायचं. दार उघडतं की नाही हे फासा ठरवतो, आणि त्या फाशाला वीस बाजू असतात. गोष्ट सांगणाऱ्याला मुलगी इंग्रजीत काहीतरी म्हणते; मी सूत्रधार म्हणते. तर त्या मंडळाने सभासदांकडून नवी, छोटी साहसं मागवली होती. जे निवडलं जाईल त्याला येत्या रविवारी एक टेबल मिळणार. अट एकच: ज्यांनी आयुष्यात असला खेळ खेळलेला नाही अशा माणसांना घेऊन ते दोन तासांत पूर्ण व्हायला हवं. मुलीचं साहस त्यांना आवडलं होतं. फक्त घरी खेळून बघ, दोन तासांत बसतं का ते शनिवारी संध्याकाळी सांग, मग टेबल तुझं, असं कळवलं होतं.

हे सांगताना तिचा चेहरा मी पाहिला होता. दहावीच्या निकालालाही ती एवढी अधीर झाली नव्हती. दहावीला अधीर मी झाले होते.

आयुष्यात असला खेळ न खेळलेली माणसं आमच्या घरी मुबलक. मी, माझा नवरा आणि दोन दिवसांसाठी मांजरी गावाहून डोळे तपासायला आलेली माझी थोरली नणंद. हे दोघे बहीणभाऊ मांजरीच्या शेतकरी घरातले. नवरा शिकून नोकरीला लागला. नणंदेचं सासरही गावातच, आणि चहूबाजूंनी इमारती उठल्या तरी तिचा ऊस अजून उभा आहे. तिला खेळ समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजी खोटं खोटं बोलायचं आन् त्ये खरं धरायचं. जमंल की. आमच्याकडं लग्नाच्या बैठकीत दुसरं काय आसतंय."

शनिवारी शाळा सकाळची असते. जेवणं आटोपून आम्ही दुपारी अडीचला बसलो. मुलीने टेबलावर ग्रहाचा नकाशा पसरला. मी तो पाहिला आणि विचारलं, उत्तर कुठे आहे. ती म्हणाली, आई, ते महत्त्वाचं नाही. नकाशावर उत्तर दिशा महत्त्वाची नाही, हे वाक्य मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीकडून ऐकलं. प्रमाणही दिलेलं नव्हतं. दोन सूर्य होते: एक मोठा तांबडा, तो कायम क्षितिजाशी टेकलेला, आणि दुसरा छोटा पांढरा, तो अधूनमधून उगवणारा. असं असेल तर पूर्व कशाला म्हणायचं, एवढंच मी विचारलं. तिने घड्याळ टेबलावर काढून ठेवलं आणि म्हणाली, "आई, दोन तास आहेत."

गोष्ट अशी होती. आमचं यान त्या ग्रहावर पडलं आहे. समोरच्या डोंगरावर एक मनोरा आहे. तिथे पोचून संदेश पाठवला की सुटका. पांढरा सूर्य वर आला की तिथली हवा विरळ होते आणि माणूस गुदमरतो. ग्रहावर राहणारे लोक उंच, बारीक, मिटलेल्या छत्रीसारखे. ते वाटाड्ये होतील, पण त्यांच्या रीतीभातींना धक्का लागता कामा नये. मुलीने प्रत्येकाचा एक कागद केला होता: नवरा यंत्रज्ञ, नणंद यानाची चालक आणि मी नकाशाकार. हे काम मला मुलीने आनंदाने दिलं असेल असं मला वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

पहिला अर्धा तास नणंदेने घेतला. छत्रीवाले भेटल्याबरोबर तिने त्यांना विचारलं की इथं पिकतं काय. मुलीने ते लिहिलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे निळ्या वेली उगवल्या. वेलींना पाणी कुठलं, किती दिवसांनी, रात्रीचं की दिवसाचं, हे सगळं नणंदेने खोदून खोदून काढलं. मग म्हणाली की पानी साचून ह्यांची जमीन चिबडत चालली हाय, चर काढायला सांग. नवरा तेवढ्या वेळात यानातले सुटे भाग एका कागदावर लिहीत बसला होता. मी नकाशावर पेन्सिलीने उत्तरेचा बाण काढला. मुलीने तो खोडला.

तरीही आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. मुलगी सांगत होती फार छान, हे मी रागातही मान्य करते. आवाज उतरवून ती म्हणाली, पांढरा सूर्य वर येतो आहे, हवा पातळ होते आहे, छातीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं आहे. छत्रीवाल्यांतला एक म्हातारा पुढे येतो. त्याच्या हातात तीन फळं आहेत, मऊ, फुगलेली. या फळांत श्वास भरलेला आहे. तो एकेकासमोर फळ धरतो आणि विचारतो, घेणार का.

"आण. दोन दे," नणंद म्हणाली.

नवरा म्हणाला, "हो."

मी म्हणाले, "नको, असू दे. तुम्हालाच लागेल."

आता यात मी काय चूक केली ते कुणीतरी मला सांगावं. माझं माहेर पेठेतलं. आमच्याकडे पहिल्या नकोला काही अर्थ नसतो. तो घसा खाकरण्यासारखा असतो. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं, यजमानाने "अहो, थोडंसं" म्हणायचं. दुसऱ्यांदा "नको, खरंच नको" म्हणायचं. त्यातल्या "खरंच" वरून यजमानाला कळतं की खरं नाही. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा. बोटं घट्ट जुळलेली असतील तर पुरे, फटी असतील तर अर्धं चालेल. एवढी स्वच्छ पद्धत आहे. जो पहिल्या विचारण्यालाच हो म्हणतो, त्याच्याबद्दल आमच्याकडे पाहुणे गेल्यावर बोललं जातं.

मुलगी क्षणभर माझ्याकडे बघत थांबली, एवढं तिच्या बाजूने नमूद करते. मग तिने लिहून घेतलं. "तो मान लववतो आणि फळ परत टोपलीत ठेवतो," ती म्हणाली, आणि आम्ही डोंगर चढायला लागलो.

मी वाट बघत होते. वाटलं, पुढच्या वळणावर तो म्हातारा मागे वळून म्हणेल, अहो बाई, घ्या की. कसलं काय. अर्ध्या चढावर मुलीने मला फासा टाकायला लावला. चार पडले. तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते, असं तिने मला थंडपणे सांगितलं. तेव्हा नणंदेने, म्हणजे यानाच्या चालकाने, आपल्या दोन फळांतलं एक पुढे केलं.

"घे गं वैनी."

"नको वन्सं, तुम्हाला लागेल," मी म्हणाले. तोंडातून गेलं. शपथेवर सांगते, मी विचार करून बोललेच नाही.

नणंद कधी नको ऐकून घेत नाही; ते तिच्या रक्तातच नाही. ती मुलीला म्हणाली की मी ते फळ हिच्या तोंडात कोंबणार. मुलगी म्हणाली, फासा टाक आत्या. नणंदेने टाकला, दोन पडले. फळ फुटलं, श्वास हवेत उडून गेला आणि मी मेले. सुमारे सव्वाचार वाजले असतील.

सुरुवातीला मी शांतपणेच बोलले. मी म्हणाले की सूत्रधाराने पुन्हा विचारायला हवं होतं. मुलीने वही उघडून नियम वाचून दाखवला. हे लोक एकदाच विचारतात. जे उत्तर मिळेल ते पाळतात. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला, तू मघाशी खोटं बोललास, असं तोंडावर सांगणं. त्यांच्यात याहून मोठा अपमान नाही.

मी म्हणाले, असे लोक असूच शकत नाहीत.

"वैनी," नणंद म्हणाली, "तुमच्या पेठंत मानूस ताटावर बसून उपाशी मरंल. तू साखरपुड्याला आमच्यात आलीस तवा समद्याला न्हाय म्हनत हुतीस. आय म्हनली, पोरगी नाराज दिसतीया, सोयरीक मोडतीया जनू. मी सांगितलं, इचारतीस कशाला, वाढ." तिने तेव्हा खरंच न विचारता वाढलं होतं. पाच पुरणपोळ्या. मी दोन दिवस आडवी होते, पण लग्न झालं.

मी नवऱ्याकडे बघितलं. काही झालं तरी त्याने माझी बाजू घ्यायला हवी होती. त्याने शेंगदाण्याची सालं फुंकली आणि म्हणाला, "मला विचारशील तर नियम बरोबर आहे. नाही म्हटलं की नाही. मी तेच करत आलोय."

"कधी?" मी विचारलं.

"नेहमी. आता बसचं घे. दर वेळी मी विचारतो, खिडकीशी बसतेस का. तू म्हणतेस, नको, तुम्ही बसा. मी बसतो."

मी भूगोलाची शिक्षिका आहे. चोवीस वर्षांत आम्ही कोकणात गेलो, महाबळेश्वरला गेलो, नाशिकला किती वेळा गेलो. वरंध घाट, पसरणी घाट, आंबेनळी, सगळे घाट मी नवऱ्याच्या कानाच्या पलीकडून पाहिले. कड्यांचे थर, दऱ्यांतली वळणं, ज्यावर मी फळ्यावर खडूने तास तास घेते, त्यापैकी जे काही मला दिसलं ते हा माणूस झोपेत पुढे कलंडला तेव्हा दिसलं. आणि तो मला सांगत होता की तो माझा मान राखत होता.

"मला खिडकी हवी होती," मी म्हणाले.

"मग सांगायचं."

"पुन्हा विचारायचं."

"अगं, तू नको म्हणाली होतीस."

इथून पुढे मी काय काय बोलले ते इथे देत नाही. आवाज चढला होता. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांची गॅलरीची खिडकी लावून घेतली, आणि ते ज्या पद्धतीने खिडकी लावतात ती ऐकली म्हणजे वेगळ्या पाटीची गरज राहत नाही. खिडकी, घाट, दिवाळीच्या साड्यांत शेवटी उरलेला रंग, सगळं मी त्या दुपारी काढलं. मरून गेल्यामुळे मला वेळही होता. नणंद मधूनमधून भावाला टोचत होती, नवरा "मला काय माहीत" एवढंच म्हणत होता. ग्रह तसाच टेबलावर पडून राहिला. मनोऱ्यापर्यंत कुणी गेलंच नाही.

 मुलीने हातघड्याळ उचलून मनगटावर बांधलं तेव्हा माझं लक्ष गेलं. पाच वाजून गेले होते. दोन तासांचं साहस अडीच तासांत निम्मंही झालं नव्हतं, आणि ते कुणामुळे हे सांगायला वीस बाजूंच्या फाशाची गरज नव्हती. तिने कागद गोळा केले, कोपरे जुळवले आणि म्हणाली, "नाही जमलं. राहू दे."

मी म्हणाले, तो एक नियम काढून टाक, बाकी चांगलं आहे. ती म्हणाली, तो नियम म्हणजेच ते साहस आहे, आई. आणि आत गेली.

सातच्या सुमाराला फोन आला. मी कणीक मळत होते. ती गॅलरीत बोलत होती, तरी ऐकू येत होतं. मंडळाचा संयोजक होता. "हां, टेस्ट केलं," ती म्हणाली. "नाही, ठीक होतं. थोडं लांबतंय. म्हणजे, अरे, दुसऱ्या कुणाचं रेडी असेल तर त्यांना दे ना टेबल. माझं काय, नेक्स्ट टाइम. इट्स ओके. खरंच."

त्या "खरंच" ला माझे हात कणकेत थांबले.

बाहेर जाऊन विचारलं, काय म्हणाला. ती म्हणाली, ओके म्हणाला. फोन तिने हातात तसाच धरला होता, पडदा वर करून. एकदा बोटाने तो जागा केला, बघितलं, पुन्हा काळा होऊ दिला. ती कशाची वाट बघते आहे ते मला कळायला दोन क्षणसुद्धा लागले नाहीत. मी स्वतः अर्ध्या डोंगरावर तशीच उभी होते.

आता चिडायचं कुणावर? आधी मी त्या संयोजकावर चिडले. असा कसा माणूस, एका शब्दात ओके म्हणतो. मुलगी म्हणाली, त्याची काय चूक, मीच सांगितलं. मग कठड्याला टेकून, माझ्याकडे न बघता तिने सांगितलं की ऑफिसातही असंच झालं होतं. मागच्या वर्षी तिच्या वरिष्ठाने विचारलं होतं, नवीन कामाची जबाबदारी घेतेस का. ती म्हणाली होती, दुसरं कुणी अनुभवी असेल तर बघा ना. त्याने बघितलं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला दिलं, आणि ते काम तिला किती हवं होतं हे त्याला आजही ठाऊक नाही.

"मग मी ते लोक लिहिले," ती म्हणाली. "छत्रीवाले. मला वाटलं, एकदा खेळून बघावं, मला जमतं का."

मी इतका वेळ समजत होते की तो नियम मला मारायला लिहिला होता. तो माझ्यासाठी नव्हताच, याचंही मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"लाव फोन," मी म्हणाले.

"आता कसं लावू? मी नाही म्हणाले ना."

"तुला ते टेबल हवंय का नकोय?"

तिने फोन पुन्हा एकदा जागा केला. आतून नणंद ओरडली की इचारतीस काय, तूच लाव. मी नणंदेला हाताने थांबवलं. कणकेचा हात होता. मुलीने नाकाने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "हवंय."

"मग तेच सांग. पुढे 'म्हणजे' लावू नकोस. 'जमलं तर' लावू नकोस."

हे मी सांगत होते. मी.

तिने फोन लावला. मी समोर उभी होते, त्यामुळे तिला पळता आलं नाही. ती म्हणाली की मघाशी मी उगाच नाही म्हणाले, मला उद्या करायचं आहे. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. त्याने टेबल दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. पाच मिनिटांत. या बाबतीत सगळे फार तत्पर असतात. मुलीचा चेहरा उतरला, ती "ओके, काही हरकत..." एवढं म्हणाली, मग माझ्याकडे बघून थांबली आणि विचारलं की आणखी एक टेबल लावता येईल का. जागा आहे, पण टेबल नाही, तो म्हणाला. तुझं तू आणतेस का?

"आणते," ती म्हणाली.

आमच्याकडे घडीचं एक टेबल आहे. त्याचा एक पाय मारून मारून उघडावा लागतो. रविवारी सकाळी नवऱ्याने ते गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं. नणंदेला जाताना मांजरीला सोडायचं होतं, पण आधी खेळ बघून मग जाऊ असं तिने परस्पर ठरवलं. टेबलाच्या बाजूला, पायांशी डबा घेऊन ती अंग चोरून बसली. निघताना मुलीने मला विचारलं, "आई, येतेस का?"

मी म्हणाले, "नको, तुम्ही जा, माझे नववीचे पेपर पडलेत."

आणि ते गेले. मी पदराला हात पुसेपर्यंत गाडी फाटकाबाहेर होती. पेपर होते हे खरं आहे. पण ते सोमवारीही असते. दिवसभर मी "वाळवंटी प्रदेशातील लोकजीवन" या प्रश्नाची बेचाळीस उत्तरं तपासली आणि एकालाही पूर्ण गुण दिले नाहीत.

सहाला मुलगी आणि नवरा परत आले. नणंदेला वाटेत मांजरीला उतरवलं होतं. मी विचारलं नाही. भाजी परतत राहिले. मुलीनेच ओट्याशी येऊन सांगायला सुरुवात केली. चार खेळाडू मिळाले होते, सगळे अनोळखी. तिघांनी फळ पटकन घेतलं. चौथी मुलगी इथलीच, पेठेतली. ती म्हणाली, नको, चालेल मला. अर्ध्या चढावर मेली. मग जो वाद झाला तो चाळीस मिनिटं चालला; शेजारच्या टेबलावरचे लोक आपला खेळ सोडून बघायला आले. नवऱ्याने त्यात भाग घेतल्याचं त्याने स्वतः अभिमानाने सांगितलं. नियम बरोबर आहे, असं तो तिथेही म्हणाला होता. आत्याने त्या मुलीला डब्यातली शेंगदाण्याची पोळी खायला घातली होती, न विचारता. शेवटी उरलेले तिघे मनोऱ्यावर पोचले आणि संदेश गेला.

"दोन तासांत?" मी विचारलं.

"दोन तास पन्नास मिनिटं."

खेळ संपल्यावर संयोजक आला होता. त्याने सांगितलं की साहस चांगलं आहे, दर महिन्याला लावता येईल, पण ते फळाचं काढून टाक. तेवढं काढलंस की दोन तासांत बसतं.

मी झारा कढईत ठेवला. "मग?"

"नाही म्हणाले."

"म्हणजे कसं म्हणालीस?"

"नाही म्हणाले, आई. नाही, ते काढणार नाही, असं."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. त्याच्या यादीत दोन तास लिहिलं होतं, ते खोडून तीन केलं. मग पुढच्या टेबलाकडे गेला."

एवढंच. मी आणखी काहीतरी असेल म्हणून थांबले. हीच गोष्ट मला करायची असती तर आधी दहा मिनिटं "माझा काही आग्रह नाही बरं का" लागलं असतं, मग दोन दिवसांनी कुणाच्या तरी मध्यस्थीने निरोप. आणि त्या माणसाने तरी निदान एकदा "बघ हं, विचार कर" म्हणायला हवं होतं. इतक्या चटकन कुणाचं नाही ऐकून घेणं मला आजही पटत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. मुलगी हसली आणि पान घेऊन जेवायला बसली.

तव्यावरची पोळी काढून मी तिला विचारलं, वाढू का.

"नको," ती पहिला घास घेत म्हणाली. "दोन आहेत मला."

मी पोळी हातात धरून उभी राहिले. तिने ताटावर हात आडवा धरला नव्हता. खरंच म्हणाली नव्हती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, ती वांग्याची फोड कुस्करत होती. पोळीची वाफ बोटांना लागत होती, पुन्हा विचारायचा शब्द अगदी जिभेवर आला होता. नवरा ते बघत होता.

मग मी त्या पोळीवर तूप घातलं, तिची गुंडाळी केली आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ली. दुपारपासून पोटात काही नव्हतं.